वापसा आलाय, साहेब

पोस्टिंग ऑर्डर हातात पडली तेव्हा मी हसलो होतो. बारा वर्षांच्या नोकरीत राजस्थान झालं, पंजाब झालं, जम्मू झालं. आणि आता ऑर्डर काय, तर ‘सेलू, जिल्हा परभणी, कालावधी सहा आठवडे’. माझं गाव देवगाव फाट्यापासून पायी तासाभराच्या अंतरावर. फौजेत गेलेला माणूस घरापासून लांब जातो असं लोक समजतात. मला फौजेनं रणगाड्यासकट घरी पाठवलं होतं.

मी आसाराम ताठे, रिटायर्ड नायब रिसालदार. त्या वेळी दफेदार होतो, म्हणजे पायदळातल्या हवालदाराच्या बरोबरीचा. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये हुद्द्यांना घोडदळाचीच जुनी नावं चालतात. साधा जवान तो सवार. लग्नाकार्यात भेटलेले लोक मला विचारतात, काका, तुम्ही शत्रूची किती माणसं मारली? मी एकही मारला नाही. माझ्या नोकरीत माझ्यामुळे एकच माणूस मेला, आणि तो माझ्याच गाडीचा ड्रायव्हर होता. नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं, ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. ती हकीगत आज सरळ लिहून काढतो आहे.

त्या काळात एक नवा देशी रणगाडा तयार होत होता. त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, कारण तो पुढे सैन्यात आलाच नाही. कागदावर त्याला नुसता नंबर होता. तीन नमुने बनवले होते, आमच्याकडे होता तो तिसरा. आम्ही त्याला म्हैस म्हणायचो, कारण दिवसातून दोनदा तो बसायचा आणि उठवायला चार माणसं लागायची. ट्रायल म्हणजे काय तेही सांगतो. कारखाना म्हणतो गाडी चांगली आहे. फौज म्हणते, दाखव. आमची टीम ती गाडी मोडेपर्यंत चालवायची आणि काय काय मोडलं त्याची यादी करून द्यायची. राजस्थानच्या वाळूत गाडी पास झाली होती. पंजाबचे कालवे तिनं ओलांडले होते. उरली होती काळी माती. ती खोल आणि चिकट हवी होती, पावसाळ्यानंतरची हवी होती, म्हणून परभणी.

सेलूची रेल्वे तेव्हा मीटर गेजची. तिच्या वाघिणीवर, म्हणजे मालडब्यावर, ही गाडी बसणारच नव्हती. जालन्याच्या बाजूनं ट्रेलरवर घालून, वाटेतल्या विजेच्या तारा काठ्यांनी उचलत, दोन दिवसांत ती देवगाव फाट्याला आणली. तिथून दुधना नदीला मिळणाऱ्या एका नाल्याकाठच्या गायरानावर आमचा कॅम्प पडला.

टीममध्ये जिल्ह्यातले आम्ही दोघेच. एक मी, आणि दुसरा सवार मरीबा देवकते. मरीबा पालम तालुक्यातला, धनगराच्या घरचा. वय सव्वीस. बुटका, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. ड्रायव्हर म्हणून रेजिमेंटमध्ये त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही. गाडीच्या आवाजावरून तो सांगायचा की डावा पट्टा ढिला आहे, आणि पट्टा ढिला निघायचा. मेंढरं वळता वळता त्याचा कान तयार झाला होता, असं तो म्हणायचा. मी कुणब्याच्या घरचा, चाळीस एकर काळीचा मालक. त्यामुळे आमची एकमेकांना टोचणी चालायची. मी त्याला मेंढक्या म्हणायचो. तो मला म्हणायचा, "आलं का नांगरवालं." कामावर दफेदार, काम संपलं की दादा. दोन वर्षं आम्ही एका गाडीत होतो. माझ्या बायकोनं पाठवलेलं जवसाचं तिखट तो माझ्याआधी संपवायचा.

गाडीचा कमांडर मी. तिसरा माणूस आमचा गनर, म्हणजे तोफ चालवणारा, लान्स दफेदार जगबीर. हरियाणाचा. आमची मराठी ऐकून डोक्याला हात लावायचा.

आता एका दोषाबद्दल सांगायला हवं. रणगाड्याच्या पुढच्या भागात, तोफेच्या नळीखाली, ड्रायव्हर एकटा बसतो. त्याला आत-बाहेर करायला डोक्यावर एक जड लोखंडी झाकण असतं, त्याला हॅच म्हणतात. या नमुन्यात ते झाकण वर उचलून उघडायचं होतं. तोफ सरळ समोर असली की झाकण नळीला अडायचं. टरेट, म्हणजे वरचा फिरता घुमट, थोडा बाजूला वळवला की मगच ड्रायव्हर बाहेर. राजस्थानातच मरीबानं हे सांगितलं होतं. कारखान्याच्या इंजिनिअरनं लिहून घेतलं. चष्म्याचा, सरळ माणूस होता तो. म्हणाला, पुढच्या नमुन्यात झाकण बाजूला सरकणारं करू. यादीत ते चौतिसाव्या नंबरवर होतं. आधीचे तेहतीस दोष इंजिनचे आणि तोफेचे होते.

कॅम्पचं रुटीन ठरलेलं होतं. सकाळी सव्वापाचला उठणं, सहाला गाडीची तपासणी, आठ ते बारा चालवणं, दुपारी दुरुस्ती, पाच वाजता रिपोर्ट. एक जादा हुकूम होता. गावात जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, हॉटेलात चहाला बसायचं नाही. वातावरण तापलेलं होतं. गावोगावच्या भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा होत्या, काही चुना फासून पुसलेल्या आणि पुन्हा लिहिलेल्या. फौज कुणाच्याच बाजूची दिसता कामा नये म्हणून हा हुकूम. हुकूम बरोबरच होता. पण त्यामुळे तीन आठवडे त्या गायरानावर राहून आम्ही तिथल्या एकाही माणसाला एक शब्द विचारला नाही.

चौथ्या आठवड्यात दिल्लीहून मोठे अधिकारी बघायला येणार असं ठरलं. गुरुवार, सकाळी दहा. कार्यक्रम एकच, नाला ओलांडून दाखवणं. नाल्याचं पात्र चाळीस-पन्नास पावलं रुंद, मध्ये कमरेइतकं पाणी, दोन्ही काठ उतरते. समोरच्या काठावर पाहुण्यांसाठी शामियाना उभा राहिला. त्याच्या बरोबर समोर लाल-पांढऱ्या झेंड्या लावून गाडीची लेन आखली.

जमीन किती वजन पेलेल हे मोजायचं एक यंत्र असतं. लोखंडी दांडा, वर घड्याळासारखी तबकडी. दांडा दाबत खाली न्यायचा आणि काट्यावर आकडा वाचायचा. ते यंत्र ज्या ट्रकमध्ये होतं तो ट्रक परभणीच्या अलीकडे रास्ता रोकोत दोन दिवस अडकून पडला होता. बुधवारी दुपारी साडेचारला आमचे मेजर साहेब नाल्याच्या पलीकडच्या, शामियान्याच्या काठावर उभे होते. हातात लॉग बुक. उद्याचा कार्यक्रम पुढे ढकलायचा की नाही, हे त्यांना पाच वाजता वायरलेसवर कळवायचं होतं.

ते म्हणाले, "ताठे, तुम तो यहीं के हो. जमीन ठीक है?"

मी लेनमध्ये गेलो. खाली बसलो, एक मूठ माती घेतली, दाबून तिचा गोळा केला आणि छातीच्या उंचीवरून सोडला. गोळा फुटला. बुटाला माती चिकटत नव्हती. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले होते. माझ्या बापानं, आज्यानं पेरणीआधी असंच केलं होतं, मीही केलं होतं. मी उठून सावधान उभा राहिलो आणि म्हणालो, "वापसा आलाय, साहेब."

"वापसा मतलब?"

"मतलब जमीन तैयार है, साहब. बैल उतर सकता है."

मेजर साहेब हसले. त्यांनी ते तसंच इंग्रजी अक्षरांत लिहिलं. व्ही, ए, पी, एस, ए. पुढे ‘ग्राउंड फिट’. वेळ सोळा चाळीस. खाली माझं नाव. साहेबांनी आपल्या रानातला शब्द लॉग बुकात लिहिला, याचा मला अभिमान वाटला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं त्यातूनच झालं.

ते गेल्यावर मरीबा आला. गाडीच्या हत्यारांतली पहार त्याच्या हातात होती. त्यानं ती लेनमध्ये, पाण्यापासून पाच-सहा पावलांवर, जमिनीत रोवली. जोर लावल्याचं दिसलं नाही. पहार हातभर आत गेली. त्यानं ती उपसून माझ्यापुढे धरली. वरची वीतभर कोरडी, खाली सगळी ओली आणि चिखलानं माखलेली.

"दादा, वर वापसा हाय. खाली डबरं हाय."

"आक्टोबरात काळीत ओल राहनारच की."

"ओल न्हाई ही. पानी धरलंय खाली. हितं मेंढरं उतरलेली न्हाईत, बगा. एक बी खूर न्हाई." त्यानं डावीकडे हात केला. तीसेक पावलांवर काठ खचून पांढरट वाट झाली होती. "ती तकडून उतरत्यात. तकडं खाली मुरूम हाय. गाडी तकडून घेऊ. सायबाला सांगा."

मी शामियान्याकडे पाहिलं. लेन डावीकडे न्यायची तर शामियाना हलवावा लागणार होता, आणि त्याआधी मला साहेबांकडे जाऊन सांगावं लागणार होतं की मघाशी बोललो ते चुकीचं होतं. दहा मिनिटांपूर्वी सांगितलेलं.

मी म्हणालो, "मेंढक्या, तू मला रान शिकवायलास का? चाळीस एकर काळी हाय माझ्या घरी. तू मेंढरं राख."

तो हसला नाही. रागावलाही नाही. पहार पुसून म्हणाला, "बरं."

एवढंच. आज इतक्या वर्षांनी मला त्या पहारीची ओली बाजू स्पष्ट दिसते. ती तेव्हाही दिसली होती. मी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

गुरुवार. नऊ चाळीसला पाहुणे आले. नऊ पंचावन्नला आम्ही स्टार्ट लाइनवर. लढाईत जसं असतं तसं दाखवायचं होतं, म्हणून सगळ्या हॅच बंद, तोफ सरळ समोर. दहा वाजून अठरा मिनिटांनी वायरलेसवर आवाज आला.

"थ्री, धिस इज कंट्रोल. मूव्ह नाऊ."

"थ्री, रॉजर. ड्रायव्हर, अॅडव्हान्स."

"दफेदार," मरीबा इंटरकॉमवर म्हणाला, "डावीकडनं घेऊ का?"

"लेनमध्ये राहा."

"राहतो."

अलीकडचा उतार गाडी नीट उतरली. पाण्यात शिरली. पाणी दोन्ही बाजूंनी उडालं आणि समोर शामियान्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्याचं मला पेरिस्कोपमधून दिसलं. मधल्या पाण्यातून गाडी पुढे सरकली. समोरच्या काठाला पुढचा भाग लागला, आणि तिथे उजवी बाजू खाली जायला लागली. हळूहळू, पण थांबेना.

"दफेदार, उजवा पट्टा बुडायलाय."

"थ्रॉटल दे."

"द्यायलोय. धरत न्हाई."

इंजिनचा आवाज चढला. मग गाडी एकदम डावीकडे वळली. मी ऑर्डर दिलेली नव्हती. "लेन सोडू नको," मी ओरडलो. तो म्हणाला, "मेंढराच्या वाटंला लागतो, दफेदार. तकडं धरंल." गाडीनं डावीकडे चार-पाच हात खाल्ले. तेवढ्यात उजवीकडचा सगळा काठ खालून सुटला. गाडी उजव्या कुशीवर कलली, नाक पाण्यात गेलं, इंजिन बंद पडलं. दहा वाजून बावीस मिनिटं.

मी आणि जगबीर टरेटमध्ये होतो. आमच्या हॅच पाण्याच्या वर होत्या. आम्हाला मुका मार लागला, बाकी काही नाही. मरीबाची जागा पाण्याखाली होती, आणि त्याच्या झाकणावर तोफेची नळी.

टरेट फिरवायची मोटार मेली होती. अशा वेळी हातानं फिरवायचं चाक असतं. सपाट जमिनीवर ते एक माणूस फिरवतो. गाडी कललेली असली की तो सगळा टनावारी घुमट चढावर ढकलावा लागतो. जगबीर चाकाला लागला, मग आम्ही दोघं मिळून. ड्रायव्हरच्या खोलीतून टरेटमध्ये यायला एक फट असते, पण तीही टरेट वळलं तरच मोकळी होते. त्याच्या पायाखालचं सुटकेचं दार गाळात रुतलं होतं. इंटरकॉमची बॅटरी वेगळी होती. तेवढी चालू राहिली.

"दफेदार, पानी यायलंय."

"कुठून?"

"पुढून. पेरिस्कोपच्या रबरातून."

"कुठवर आलंय?"

"सीटला लागलंय."

"तोफ वळवायलोत. दम धर."

"धरतो."

चाकाच्या सात-आठ फेऱ्यांना नळी बोटभर हलत होती. बाहेर लोक पाण्यात उतरल्याचे आवाज येत होते. कुणी नळीला दोर बांधत होतं, कुणी सब्बल घालून झाकण उचकटत होतं. मेजर साहेब स्वतः छातीभर पाण्यात होते. दहा वाजून एकतीस मिनिटांनी मी घड्याळ पाहिलं. का पाहिलं माहीत नाही, सवय.

"हालली का तोफ?"

"हालली."

"झाकन लागायलंय अजून." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "एक वीत. दादा, एक वीत झाली की निघतो."

कामावर असताना त्यानं मला दादा म्हटल्याची ती एकच वेळ. मी म्हणालो, "हो, मरीबा. एक वीत." आणि आम्ही चाक फिरवत राहिलो.

दहा वाजून सदतीस मिनिटांनंतर त्याचा आवाज आला नाही. मी त्याचं नाव घेत राहिलो. जगबीर चाक सोडायला तयार नव्हता. त्याच्या तळहाताची कातडी मुठीला चिकटून निघाली होती. शेवटी त्याला दोघांनी धरून बाहेर काढलं.

बाहेर आलो तेव्हा काठावर सगळं गाव आलं होतं. कुणी बैल आणले होते, कुणी दोर, कुणी फावडी. आमच्याशी बोलायचं नाही असा हुकूम त्यांना नव्हता. मी चिखलात बसलो होतो. खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा माझ्या शेजारी उभा होता. नाल्याकडे बघत तो बाजूच्या माणसाला म्हणाला, "हितून कशाला घातली गाडी? हितून मेंढरं बी उतरत न्हाईत."

रिकव्हरी गाडीनं दुपारी दोन चाळीसला म्हैस बाहेर ओढली. झाकण उघडलं तेव्हा मरीबाचे दोन्ही हात झाकणाला टेकलेले होते. मी त्याला ओळखून सही केली.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आम्ही पालमच्या पुढे त्याच्या गावी गेलो. गार्ड दिला, फैरी झाडल्या. त्याचा बाप धोंडिबा, उंच, वाळलेला माणूस, शेवटपर्यंत उभाच होता. त्यानं मला एकच विचारलं, "कसं झालं, पाटील?"

"अपघात झाला, मामा," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी. एक कर्नल साहेब, दोन अधिकारी, तंबूत टेबल. लॉग बुक समोर उघडं होतं. कर्नल साहेबांनी विचारलं, "ये वापसा क्या होता है?"

मी सांगितलं. मूठभर माती, गोळा, बैल, नांगर.

"नांगर किती खोल जातो?"

"एक वीत, सर."

त्यांनी ते लिहून घेतलं. मान वर न करता पुढचा प्रश्न केला, "निघण्याआधी ड्रायव्हरनं जमिनीबद्दल काही शंका सांगितली होती का?"

तंबूत पंखा नव्हता. मेजर साहेब बाजूला उभे होते. त्यांना पहारीचं काहीच माहीत नव्हतं. माझं नायब रिसालदारीचं प्रमोशन रेजिमेंटच्या ऑफिसात सहीला पडलं होतं. जगबीरनं इंटरकॉमवर ऐकलं होतं, पण त्याला मराठी कळत नव्हती. माझ्याशिवाय कुणीच जाणत नव्हतं.

मी म्हणालो, "नो, सर."

मी खोटं बोललो. भीतीनं बोललो. याला दुसरं नाव मला सापडलेलं नाही. रिपोर्टमध्ये आलं, ‘जमीन स्थानिक अनुभवावरून योग्य ठरवण्यात आली होती. ड्रायव्हरने आज्ञेविना लेन सोडल्याने गाडी कलली.’ लेन त्यानं आज्ञेविना सोडली, एवढं खरं होतं. त्यानं लेन का सोडली, तेवढं त्यात नव्हतं.

पाच महिन्यांनी मला रेजिमेंटच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. रिपोर्टाचा सारांश घरच्यांना गेला होता आणि गावातल्या मास्तरांनी तो धोंडिबाला वाचून दाखवला होता. कार्डही मास्तरांच्याच अक्षरात होतं. वर ‘रामराम’, मधे एक ओळ, ‘आमच्या मरीबाला जमीन ओळखता आली नाही का, एवढे कळवावे’, खाली अंगठा.

धनगराच्या घरी हा साधा प्रश्न नव्हता. ज्याच्या पोराला जमीन ओळखता येत नाही, त्याच्या मागे मेंढरं कुणी देत नाही. मी कार्ड ट्रंकेत ठेवलं. उत्तर दिलं नाही. प्रमोशन मिळालं. दर दसऱ्याला ट्रंक उघडायचो, कार्ड वाचायचो आणि परत ठेवायचो.

पुढच्या वर्षी कारखान्यातून चौथा नमुना आला. ड्रायव्हरचं झाकण आता बाजूला सरकत होतं. तोफ कुठेही असो, एका हातानं उघडायचं. चष्म्याचे इंजिनिअर स्वतः दाखवायला आले होते. त्यांनी नव्या यादीवर बोट ठेवलं. चौतिसावा दोष पहिल्या नंबरवर गेला होता आणि पुढे ‘पूर्ण’ असं लिहिलं होतं. मी ते झाकण चार-पाच वेळा उघडलं, मिटलं. हलकं चालत होतं. तीन वर्षांनी तो सगळा प्रोजेक्टच बंद झाला आणि चौथा नमुना कुठे गेला ते मला माहीत नाही.

नामांतर झालं त्या साली मी पेन्शनवर घरी आलो. पहिल्या महिन्यात स्वतःच्या रानात गेलो. पेरणीआधी पोरानं विचारलं, "आबा, वापसा आला का बगा." मला मूठ मिटता येईना. मी म्हणालो, तूच बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. सेलू, परभणी, गंगाखेड, पालम. पुढे चालत. धोंडिबा वाड्यावर होता, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणाशी, वाघुरीशी. खूप थकला होता, पण ताठ होता. मी रामराम केला. त्यानं ओळखलं. पाण्याचा तांब्या पुढे केला. बसा म्हणाला नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. मूठभर मातीपासून ‘नो, सर’पर्यंत. पहार सांगितली, खूर सांगितले, मी त्याला काय म्हणालो तेही सांगितलं. पोस्टकार्ड खिशातून काढून त्याच्या हातात दिलं.

तो बराच वेळ कार्डाकडे बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं.

"मंजी वळखली व्हती त्यानं."

"हो."

"मंग गेला कशाला?"

"मी सांगितलं म्हणून."

त्यानं मान हलवली. मला वाटलं हातातली काठी माझ्या पाठीत बसेल. बसली असती तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "चला," आणि पुढे चालू लागला.

तो मला मारुतीच्या पारावर घेऊन गेला. पंधरा-वीस माणसं बसली होती. मास्तरही होते, आता म्हातारे झालेले. धोंडिबानं काठी आपटली. "हे पाटील मरीबाचे दफेदार. ह्यांला कायतरी सांगायचंय."

मी सावधान उभा राहिलो आणि रिपोर्ट देतात तसंच सांगितलं. "सवार मरीबा धोंडिबा देवकते. त्यांनी आदल्या दिवशी पहार घालून मला सांगितलं होतं की जमिनीनं खाली पाणी धरलं आहे. गाडी मेंढरांच्या वाटेनं न्या म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या हुकमावरून ते गेले. लेन सोडली ती गाडी वाचवायला सोडली. जमीन त्यांनी ओळखली होती. मला ओळखता आली नाही. पुढे चौकशीत मी खोटं बोललो."

मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. धोंडिबा एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला, पाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ऐकलं का?" तो म्हणाला.

दोघा-तिघांनी मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला. पारावरची धूळ त्यानं आपल्या धोतराच्या सोग्यानं झटकली.

"बसा आता," म्हणाला.